उंबऱ्यावरचा मुका जीव

मागल्या माघी वारीहून परतताना एका माळकरी गृहस्थांकडे आमचा मुक्काम होता. सून माहेराहून नुकतीच परतलेली, दोन महिन्यांचे तान्हे पाळण्यात. दाराशी मोत्या, आठ वर्षे राखण करणारा. कीर्तन आटोपल्यावर आजीबाई हळूच म्हणाल्या, "महाराज, उद्याच्या टेम्पोत घालून ह्याला पल्याडच्या गावी सोडावा म्हणते. लेकराची भीती वाटते हो. पाप तर नाही ना लागायचं?"

आम्ही लगेच बोललो नाही. हेच पाप आमच्या पदरी आहे. आमची थोरली लेक जन्मली तेव्हा घरच्या मांजरीला पोत्यात घालून आम्ही नदीपलीकडे सोडून आलो, आणि त्याच रात्री भूतदयेवर कीर्तन केले! श्रोत्यांनी माना डोलावल्या. मांजरी परत आली नाही. लेक आज चाळिशीपार आहे, तरी ते पोते आठवते.

पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ब्राह्मणी व मुंगसाची कथा आहे. देवशर्म्याला पुत्र झाला त्याच दिवशी मुंगशी पिलू टाकून मेली. ब्राह्मणीने त्या पिलाला दूध पाजले, तेल लावले, पण मनातून विश्वास कधी ठेवला नाही. "बाळाला मुंगसापासून सांभाळा," असे नवऱ्याला बजावून ती पाण्याला गेली. मागोमाग तोही घर मोकळे टाकून भिक्षेला गेला. इकडे साप आला, मुंगसाने तो मारला, आणि त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून ब्राह्मणीने भरली घागर त्याच्यावर घातली.

पाठशाळेत ही कथा आम्ही अविचाराचे उदाहरण म्हणून शिकलो. दोष सारा बाईचा! पण पहिली चूक भिक्षेला गेलेल्याची, म्हणजे आमच्याच धंद्यातल्याची. पाळण्याजवळ माणूस बसले असते तर ते मुंगूसही वाचले असते.

तेच आजीबाईंना सांगितले. मोत्याला घालवू नका, पण तान्ह्याजवळ त्याला एकटे क्षणभरही ठेवू नका. तो गरीब आहे, हे खरे असले तरी नाही. मुक्या जीवाला आपल्या अंगचे बळ कळत नाही, आणि आजवर अंगणाचा राजा तोच होता. बाळाचे दुपटे त्याला हुंगू द्या. बाळ ओसरीवर असेल तेव्हाच त्याला भाकरी घाला, गोंजारा. बाळ आले की आपल्यालाही काही मिळते, हे त्याला कळू द्या. पिसाळण्याची लस दर वर्षी टोचा, जंताचे औषध द्या. चुकून दात लागलाच तर हळद-चुना न लावता साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा रोग एकदा उठला की त्यावर इलाज नाही. मांजर असेल तर बाळ निजल्यावर खोलीचे दार ओढून घ्या. उबेला ती अंथरुणात शिरते.

"आणि गुरगुरलाच तर?" सूनबाईंनी आतून विचारले. प्रश्न खरा होता. तर मग त्याला पोटभर घालणारे, लहान मूल नसलेले घर शोधा व स्वतः नेऊन पोचवा. रस्त्यावर सोडणे वेगळे, सोपवणे वेगळे.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा आजीबाई एका हाताने पाळण्याची दोरी ओढीत होत्या, दुसऱ्या हाताने मोत्याकडे भाकरीचा तुकडा टाकीत होत्या. टेम्पोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला आणि तो निघून गेला.