आजाऱ्याच्या खाटेपाशी आपला हक्क कोणता?

आजाऱ्याचा समाचार घेणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे, याविषयी आमच्या वाचकांत मतभेद असेल असे आम्हांस वाटत नाही. न्यायाच्या दिवसाविषयी बोलताना प्रभूने हे काम भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याच्या पंक्तीस बसविले आहे. परंतु कर्तव्य कोणते हे ठरले म्हणजे ते कोणत्या रीतीने करावे हेही ठरले, असे होत नाही. मंडळीतील मनुष्य आपल्या घरी आजारी असता त्याजकडे जाणे निराळे, आणि जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात जाणे निराळे. तेथे एकाच वॉर्डात हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती व कोणताच धर्म न मानणारे असे सर्व शेजारी शेजारी निजलेले असतात. घरी आपण बोलावलेले पाहुणे असतो. इस्पितळात आपणांस कोणी बोलाविले? तेथे परक्याच्या खाटेपाशी उभे राहण्याचा आपला हक्क कोणता?

मिरजेच्या वानलेस इस्पितळासारख्या मिशनच्या संस्थांमुळे आपल्या लोकांच्या मनात एक चित्र ठसलेले आहे: डॉक्टर औषध देतो व पाळक किंवा बायबल स्त्री खाटेपाशी बसून प्रार्थना करते. त्यात गैर काही नाही, कारण अशा संस्थेत येणाऱ्यास ती कोणाची हे आधीच ठाऊक असते. सरकारी इस्पितळ मात्र सर्वांच्या करावर चालते, आणि गरिबास तेथे जाण्यावाचून बहुधा दुसरा मार्ग नसतो. म्हणून एका ठिकाणची चाल दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी नेता येत नाही.

या कामी ब्रिटनचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या जुलै महिन्याच्या ५ तारखेस त्या देशात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, व बहुतेक इस्पितळे सरकारकडे आली. रुग्णांच्या आत्मिक सांत्वनासाठी नेमलेल्या धर्मसेवकास तिकडे चॅपलेन म्हणतात. नव्या व्यवस्थेत त्यांचे वेतन इस्पितळाच्याच पैशांतून देण्याचे ठरले. आरंभी हे चॅपलेन निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे पाळक असत. पुढे त्या देशात अनेक धर्मांचे लोक वसले, तेव्हा मुसलमान, यहूदी, शीख, हिंदू व बौद्ध चॅपलेनही नेमले गेले, आणि अलीकडे देव न मानणारे मानवतावादी सेवकही त्यांच्यासोबत काम करतात. रात्री-अपरात्री कोणी मरणोन्मुख असेल तर बोलावण्यासाठी पाळी लावलेली असते. रुग्णाचा धर्म ही त्याची खाजगी बाब असल्यामुळे त्याच्या संमतीवाचून ती बाहेरच्या पाळकास कळविली जात नाही.

२००२ साली स्कॉटलंडच्या आरोग्य खात्याने या सेवेविषयी एक परिपत्रक काढले. त्यात केलेला भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. धर्मविधीची सेवा ही एक गोष्ट, जी समान विश्वास असणाऱ्यांमध्येच होते. आत्मिक सेवा ही दुसरी गोष्ट. तीत रुग्ण हाच केंद्रस्थानी असतो, व त्याचा विश्वास अमुक असेल किंवा असावा असे काहीच गृहीत धरले जात नाही. प्रभुभोजन फक्त आपल्या मनुष्यास देता येईल. परंतु उद्या पाय कापला जाणार म्हणून रात्रभर जागणाऱ्या शेतकऱ्याजवळ बसून त्याचे ऐकणे, हे कोणाही मनुष्यासाठी करता येते.

आता येथे आमचे काही उपदेशक बंधू आक्षेप घेतील. ते म्हणतील की, सुवार्ता सांगण्याची आज्ञा सर्वत्र लागू आहे; मरणाच्या दारात असलेल्यासमोर आपण गप्प बसलो तर त्याचा झाडा कोण देईल? हा आक्षेप कळकळीचा आहे, व त्यास हसून वाटेस लावणे योग्य नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदानेही धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि एका गोष्टीचा विचार करावा. बाजारात उपदेश चालू असता ज्यास तो नको असेल तो आपल्या वाटेने निघून जातो. त्याचे हे निघून जाण्याचे स्वातंत्र्य हेच आपल्या उपदेशाच्या प्रामाणिकपणाचे रक्षण आहे. जो सलाईन लावून पडला आहे तो उठून जाऊ शकत नाही. ज्याने आपणांस पाण्याचा पेला दिला त्यास नको म्हणण्याचेही धैर्य त्यास होत नाही. अशा वेळी तो मान हलवितो ती विश्वासाने की भिडेने, हे त्याचे त्यालाही सांगता यावयाचे नाही. भीतीने दिलेला होकार आपण देवासमोर भेट म्हणून कसा ठेवावा?

हीच गोष्ट उलट बाजूने पाहावी. आपल्या मंडळीतील एखादी विधवा सिव्हिलमध्ये एकटी पडली आहे. एक परका गृहस्थ रोज येतो, फळे देतो, गोड बोलतो, आणि तिने आपला विश्वास सोडावा म्हणून हळूहळू तिजवर भार घालतो. हे ऐकून आपल्या मनास काय वाटेल? जे तिच्या बाबतीत आपणांस अन्याय वाटते, ते शेजारच्या खाटेवरील बाईच्या बाबतीत न्याय होऊ शकत नाही. आपण थोडे आहोत व इतर पुष्कळ आहेत. दुर्बळावर भार घालू नये हा नियम सर्वांआधी आपल्याच रक्षणाचा आहे.

शास्त्रातही याचे उदाहरण आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय प्रभूकडे आला. त्याचे दुखणे काय हे सर्वांस दिसत होते. तरी प्रभूने त्याची इच्छा काय आहे हे त्यालाच प्रथम विचारले. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री मुकाट्याने त्याजजवळ भुईवर बसले, आणि ते त्यांचे सर्वांत चांगले काम होते. ज्या घटकेस त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण समजावून सांगण्यास आरंभ केला, त्या घटकेपासून ते त्याला जड झाले.

परंतु ऐकणे ही नुसत्या चांगल्या मनाने साधणारी गोष्ट नव्हे. ती शिकावी लागते. अमेरिकेतील अँटन बॉइसन हे पाळक १९२० साली स्वतःच मनाच्या विकाराने आजारी पडून वेड्यांच्या इस्पितळात होते. बरे झाल्यावर ते १९२४ साली वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅपलेन झाले. पुढच्याच वर्षी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांस त्यांनी तेथे आणून कामास लाविले, कारण ग्रंथांइतक्याच आदराने दुःखी मनुष्यही वाचता आला पाहिजे असे त्यांचे मत होते. या कामाच्या पद्धतशीर शिक्षणास पुढे जे वळण लागले त्याचा एक मोठा उगम तेथे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. ब्रिटनमध्येही करदात्यांचा पैसा चॅपलेनवर का खर्चावा, असे विचारणारे लोक आहेत. आपल्याकडे तर घटनेच्या २७ व्या अनुच्छेदाप्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी कोणासही कर देण्यास भाग पाडता येत नाही. म्हणून ब्रिटनचे वेतन आपण मागू नये. तेथील शिस्त मात्र घ्यावी. केरळात १९९३ साली कालिकत येथे असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचे काम सुरू झाले, व ते गावोगावच्या स्वयंसेवकांच्या बळावर वाढले. २००८ साली त्या राज्याच्या सरकारने त्यासाठी धोरणही ठरविले. विनावेतन शेजाऱ्यांच्या हातून हे होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

यास्तव आमची मंडळ्यांस विनंती अशी की, प्रत्येक मंडळीने या कामासाठी एक पुरुष व एक स्त्री निवडावी. त्यांनी इस्पितळाच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. भेटीच्या वेळेतच जावे, व वॉर्डातील सिस्टरला विचारल्यावाचून कोणाच्या खाटेपाशी जाऊ नये. आत जाताना व बाहेर येताना हात धुवावेत. बसू का, असे आजाऱ्यास विचारावे, व तो नको म्हणाला तर राग न धरता निघावे. डॉक्टरच्या औषधाविरुद्ध एक शब्दही बोलू नये, व बरे होण्याचे वचन देऊ नये, कारण ते आपल्या हाती नाही. प्रार्थना आजाऱ्याने मागितली तरच करावी, तीही हलक्या आवाजात, शेजाऱ्याची झोप मोडणार नाही अशी. आणि त्याने जे सांगितले ते मंडळीतील प्रार्थनेच्या निमित्तानेही कोठे उघड करू नये.

एक प्रश्न उरतो, व तो सर्वांत कठीण आहे. मरणास टेकलेला मुसलमान बांधव आपणांस म्हणाला की मौलवीसाहेबांस बोलवा, तर काय करावे? ब्रिटनच्या इस्पितळातील ख्रिस्ती चॅपलेन अशा वेळी मुसलमान चॅपलेनला बोलावणे धाडतो. आम्ही म्हणतो, आपल्या माणसानेही उठावे व निरोप पोहोचवावा. यात सर्व धर्म सारखेच असे कबूल केल्यासारखे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. तहानेलेल्याने आपल्या गावच्या विहिरीचे पाणी मागितले, तर ते आणून देणारा आपली विहीर खोटी ठरवीत नाही. जखमी मनुष्यास उचलणाऱ्या शोमरोन्याने त्याचा विश्वास विचारला नाही, व आपलाही त्याजवर घातला नाही. त्याने जखमा बांधल्या, उताऱ्यावर नेले, आणि पुढचा खर्चही पत्करला. तरीही आपल्या शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे काय हे दाखविण्यासाठी प्रभूने त्यालाच निवडले.

खाटेपाशी आपला हक्क कोणता, असे आम्ही आरंभी विचारले. आमचे उत्तर असे की, तेथे आपला हक्क काहीच नाही. हक्क आजाऱ्याचा आहे. त्याने बोलाविले तर जावे, तो बोलू लागला तर ऐकावे, आणि त्याने ज्यास बोलाविले तो येईपर्यंत त्याला एकटे पडू देऊ नये.