शून्याच्या अलीकडचं गाणं

सीडी आत गेली की प्लेअर आधी तिच्या आतल्या कडेपाशी डोकावतो. तिथे डिस्कची अनुक्रमणिका असते: गाणी किती, कोणतं कितव्या मिनिटाला सुरू होतं. ती वाचून तो थेट पहिल्या गाण्याच्या खुणेवर उडी मारतो. त्या खुणेच्या अलीकडेही थोडी जागा असते, एरवी फक्त दोन सेकंदांच्या शांततेची.

१९९६ साली उत्तर आयर्लंडच्या ॲश या बँडने ‘१९७७’ या आल्बममध्ये तिथे चक्क दोन गाणी ठेवली. ऐकायची तर पहिलं गाणं सुरू होताच मागे नेणारं बटण दाबून धरायचं. आकडे शून्याच्याही मागे सरकतात, बऱ्याच प्लेअरवर वजा चिन्ह उमटतं, आणि अनुक्रमणिकेला ठाऊक नसलेलं संगीत कानी पडतं. २००३ मध्ये ब्लर या बँडनेही ‘थिंक टँक’ या आल्बममध्ये हीच जागा वापरली.

‘नाइन इंच नेल्स’ या बँडने दुसरं टोक गाठलं. सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक मावतात. त्यांच्या ‘ब्रोकन’मधली (१९९२) दोन जादा गाणी सुरुवातीला वेगळ्या छोट्या डिस्कवर होती, पुढच्या आवृत्तीत ती ९८ आणि ९९ क्रमांकांवर गेली. मधले ७ ते ९७ सगळे ट्रॅक मुके.

‘निर्वाणा’ या बँडने मात्र श्रोत्याला काहीच करायला लावलं नाही, फक्त थांबायला लावलं. ‘नेव्हरमाइंड’मधलं (१९९१) शेवटचं गाणं चार मिनिटांच्या आत संपतं, पण प्लेअरवरचे आकडे पुढे पळतच राहतात. सुमारे दहा मिनिटं काहीच नाही. मग ‘एंडलेस, नेमलेस’चा कानठळ्या बसवणारा कल्लोळ. सुरुवातीच्या प्रतींत ते चुकून राहूनच गेलं होतं. त्यामुळे एकाच आल्बमचे दोन श्रोते दोन वेगळे शेवट ऐकत होते.

या सगळ्यांत लपवण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे ती अंतराची. दहा मिनिटांत खोली शांत होते, माणूस दुसऱ्या कामाला लागतो, आणि मग तो आवाज अंगावर येतो. ती शांतता रचनेचाच भाग आहे. स्ट्रीमिंगवर अशा गाण्याला नाव, क्रमांक आणि लांबी मिळते. शोधणाऱ्याची सोय होते हे खरंच; पण तेच गाणं आता यादीतलं आणखी एक गाणं ठरतं. शून्याआधीच्या जागेचं तर आणखी अवघड. सीडी संगणकावर उतरवताना बरीचशी सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेवरच विसंबतात, आणि तिच्यात नसलेलं मागेच राहतं.

म्हणून जुने आल्बम नव्याने काढणाऱ्यांनी गाण्यांइतकीच ही मोकळी जागाही जपायला हवी. ‘नेव्हरमाइंड’ची दहा मिनिटं दहाच राहू द्यावीत, आणि ‘१९७७’च्या त्या दोन गाण्यांची जागा शून्याच्या मागेच असू द्यावी.