स्वस्त आणि हलके

आपल्या भाषेत ‘हलका’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वजनाने कमी ते हलके आणि प्रतीने कमी तेही हलकेच. ‘स्वस्त’ या शब्दाला मूळचा असा दुसरा अर्थ नाही. ज्याची किंमत थोडी ते स्वस्त, एवढेच त्याचे म्हणणे. तथापि बाजारात हे दोन शब्द इतक्या वेळा एकत्र वावरतात की, स्वस्त म्हटले की हलके असणारच, अशी आपल्या मनाची समजूत होऊन बसते. ही समजूत खरी मानली, तर गरिबाच्या स्वयंपाकघरात चांगली वस्तू येणे अशक्यच म्हणावे लागेल. ती खोटी मानली, तर मात्र विक्रेत्याच्या शिरावर एक जबाबदारी येऊन पडते. त्या जबाबदारीचे स्वरूप काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दिवाळीच्या आधी आपल्या शहरांतून व तालुक्याच्या गावांतून महिला मंडळांचे व बचत गटांचे बाजार भरतात. एखादे मंगल कार्यालय किंवा शाळेचे सभागृह तीन-चार दिवसांसाठी घेतात, टेबले मांडतात, आणि एरवी व्यापाराशी संबंध नसलेली एखादी गृहिणी आपल्या शिलकीतले काही हजार रुपये मालात घालून टेबलामागे उभी राहते. फराळ, पणत्या व उटणे यांच्या जोडीला स्वयंपाकघरातल्या वस्तूही तेथे खपतात, कारण चकलीचा सोऱ्या, झारा, किसणी, चाळणी, डबे यांची आठवण याच दिवसांत होते. भांडवल बेताचे आणि गिऱ्हाइकाची पिशवीही बेताची. तेव्हा माल स्वस्त हवा, हे उघडच आहे. परंतु स्वस्तांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसला तरी मुळात नीतीचा आहे.

तो नीतीचा होतो याचे पहिले कारण असे की, खरी निवड गिऱ्हाईक करीतच नाही. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या भुलेश्वराच्या बाजूला घाऊक खरेदीला गेलेली विक्रेती शंभर वस्तूंतून दहा उचलते. पुढे सभागृहात येणारी बाई त्या दहांतली एक उचलते. उरलेल्या नव्वद तिने पाहिलेल्याही नसतात. म्हणजे तिच्या स्वातंत्र्याची मर्यादा दुसऱ्या कोणी तरी आधीच आखून ठेवलेली असते.

दुसरे कारण या बाजाराच्या अल्पायुष्यात आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या कारागिराने घडवलेला हंडा पोचा पडला की परत त्याच आळीत यावयाचा. भांडे वाईट निघाले तर शब्द ऐकावा लागे, आणि पुढच्या लग्नाची भांडी दुसरीकडे जात. त्याच्या प्रामाणिकपणात सचोटी होतीच. पण ‘उद्या’चा धाकही थोडा होता. सणाच्या बाजाराला मात्र उद्या नाही. चौथ्या दिवशी टेबले उचलली जातात, आणि भाऊबीजेच्या आत दांडा निखळलेला झारा घेऊन गिऱ्हाईक आले, तरी त्याला तेथे सभागृहाचे कुलूप तेवढे भेटावयाचे. गिऱ्हाईक परत येणार नाही हे पक्के ठाऊक असताना आपण त्याच्याशी कसे वागतो, हे पाहण्यास याहून सोपे ठिकाण सापडणार नाही.

हा प्रश्न जुना आहे. सिसरो या रोमन विचारवंताने इसवी सनापूर्वी 44 साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक उदाहरण घेतले आहे. ऱ्होड्स बेटात दुष्काळ पडला असताना एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला माहीत आहे, लोकांना माहीत नाही. त्याने ते सांगावे काय? डायोजेनीस या तत्त्ववेत्त्याचे मत असे की, कायद्याने सांगावयास लावलेले दोष सांगितले आणि लबाडी केली नाही, म्हणजे झाले. बाकी मौन म्हणजे फसवणूक नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो की, विकणाऱ्याला ठाऊक असलेले सर्व घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. सिसरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना तो कौल अधिकच लागू पडतो. धान्याच्या भावातला तोटा पैशाचा, तर भांड्यातला दोष रोज पोटात जाणारा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. ‘उत्तम तेच विकीन’ असा बाणा धरणाऱ्या विक्रेतीचे टेबल शेवटी सुखवस्तूंचेच टेबल होते. जिला शंभर रुपयांच्या आत चाळणी हवी, तिला रिकाम्या हाताने परत लावणे ही नीती की केवळ आपल्या सोवळेपणाची हौस? आक्षेप मान्य आहे. महागपणा हा काही सद्गुण नव्हे. म्हणून वस्तू स्वस्त आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. ती कशामुळे स्वस्त झाली, हे विचारले पाहिजे.

स्वस्ताई दोन ठिकाणांहून येते. एक दिसणारी. तवा बिडाचा आहे, पण खरबरीत, न घासलेला. पोळपाट आंब्याच्या लाकडाचा आहे आणि आंब्याचा म्हणूनच ठेवला आहे. डब्याला नक्षी नाही, खोके नाही, आकार लहान आहे. येथे काय कमी मिळाले ते घेणारीला डोळ्यांनी दिसते. पत्करावयाचे की नाही, ते तिच्या हाती असते. दुसरी स्वस्ताई लपलेली. त्याच आंब्याच्या फळीला रंग चढवून शिसवी म्हणावे. झाऱ्याचा दांडा रिव्हेटने न बसवता एका टाक्यावर चिकटवावा. कथिलात शिसे मिसळले तर कल्हई कमी खर्चात होते आणि नव्या भांड्याची चकाकी तशीच दिसते. पण शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांस निर्धोक म्हणता येत नाही. भंगारातून ओतलेल्या काही अॅल्युमिनियमच्या भांड्यांतून आंबट पदार्थ शिजवताना शिसे अन्नात उतरते, असेही निरनिराळ्या देशांतल्या तपासण्यांत आढळले आहे.

स्टेनलेस स्टीलचे उदाहरण तर फार बोलके आहे. 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. निकेल महाग, म्हणून 200 च्या मालिकेत ते कमी करून त्याजागी मँगनीज घालतात. मीठ व आंबट यांपुढे हे पोलाद सामान्यतः कमी टिकाव धरते. अनेक गृहिणी बरोबर लोहचुंबक नेतात. चिकटला तर भांडे खोटे, अशी त्यांची परीक्षा. परंतु 200 च्या मालिकेलाही तो बहुधा चिकटत नाही. उलट निकेल नसलेल्या पण 16 ते 18 टक्के क्रोमियमच्या 430 या प्रतीला चिकटतो, आणि ती प्रत साध्या डब्यांना पुरेशी चांगली असते. म्हणजे घेणारीची परीक्षा कधी दुय्यम भांड्यास पास करते आणि कधी उपयोगी भांड्यास नापास. ज्ञान घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर असते, आणि ते बिल फक्त विक्रेतीने पाहिलेले असते.

कायद्यालाही हा भेद अपरिचित नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण रोख ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ असाच आहे. तथापि विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून विशिष्ट कामासाठी घेतलेली वस्तू त्या कामाची असली पाहिजे, आणि नमुना दाखवून विकलेल्या मालात वाजवी तपासणीत न दिसणारा, माल विकण्यास अयोग्य ठरविणारा दोष नसावा, असे अपवाद त्याने केले आहेत. कौटिल्य याहून कडक. लाकडी, लोखंडी किंवा मातीची हलकी वस्तू उंची म्हणून विकणाऱ्यास त्याने किमतीच्या आठपट दंड सांगितला. पण तीन दिवसांच्या टेबलापर्यंत दंडाधिकारी कशाला येतो? जेथे कायद्याचा हात पोचत नाही आणि ‘उद्या’चा धाकही नाही, तेथे विकणारीचे मन एवढीच काय ती चौकी उरते.

यावर कोणी म्हणेल, विकणारीही गरीबच आहे. तिच्या शिलकीचे काय? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला गोड उत्तर नाही. लपलेली स्वस्ताई टाळावयाची तर काही वस्तू, ज्यांवर नफा सर्वांत अधिक सुटतो, त्या घाऊक पेठेतच ठेवून याव्या लागतील. दहा प्रकारांऐवजी पाचच प्रकार मांडावे लागतील. सोऱ्यात घट्ट पीठ घालून आटे फिरतात की घसरतात ते आधी घरी पाहावे लागेल. जे कमी आहे ते विकताना तोंडाने सांगावे लागेल: “बाई, हा डबा कोरड्या जिनसांना चांगला, लोणचे मात्र यात घालू नका.” असे एक वाक्य बोलल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या वाक्यानंतर जी बाई डबा घेईल, ती खरोखर निवड करून घेईल. आणि तिने दिलेले थोडे पैसे तिच्या अज्ञानाची किंमत नसून वस्तूची किंमत असतील.

गरिबाला स्वस्त वस्तू विकणे ही त्याची सेवाही होऊ शकते आणि त्याची लूटही. तीच वस्तू, तीच किंमत, तेच टेबल असूनही दोहोंत अंतर पडते ते इतकेच की, कमी काय आहे हे दोघांनाही ठाऊक होते, की एकालाच.