भाकरीचे ऋण

ऑक्टोबर १६७० मध्ये वणी-दिंडोरीच्या परिसरात मराठे आणि मोगल समोरासमोर भिडले. दुसऱ्यांदा सुरत लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची वाट दाऊदखान कुरेशीने अडवली होती. मराठ्यांनी मोगलांना हटवले आणि लूट स्वराज्यात पोचली. त्या रणात कोण कोणाचा शत्रू, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. मला प्रश्न पडतो तो त्याआधी शहरात शिरणाऱ्या हेराचा.

१६६४ च्या पहिल्या स्वारीआधी सुरतेची खबर बहिर्जी नाईकांनी आणली, असे सभासद बखर सांगते. पुढे लोकांनी त्यांच्या वेषांतराच्या कितीतरी कथा रचल्या. त्या ऐकताना आपण वेषावर खूश होतो. त्या वेषाला भुलून ज्याने भाकरी वाढली, त्याचे काय झाले हे विचारत नाही.

हेर खोटे बोलतो, एवढ्यावरून त्याला दोष देणे मला पटत नाही. रानात गनिमी कावा चालतो, तर बाजारात का नको? पण बाजारात समोरचा माणूस गनीम नसतो. आपण लढाईत आहोत, हेच त्याला माहीत नसते.

तरी खबर चुकली तर दोन्हीकडची माणसे उगाच मरतात. म्हणून जगाशी खोटे बोलणाऱ्याला धन्यापाशी तंतोतंत खरे बोलावे लागते. त्या खऱ्याचे काय करायचे, हे धनी ठरवतो. तेव्हा भाकरीचे ऋणही एकट्या हेराच्या माथी मारू नये. ज्या राज्याने त्याला पाठवले, त्याने ते आपल्या खाती मांडावे.