तारवात न मावलेले प्राणी

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन आम्ही घरची मंडळी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. वसईहून लोकलने महालक्ष्मी, आणि पुढे पायी. १९८५ साली सुरू झालेले हे केंद्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. तिथे बटणे दाबायची, चाके फिरवायची मुलांना मुभा असते, त्यामुळे त्यांना बाहेर काढणे हेच मोठे काम. मान हलवणारे, जबडा उघडून डरकाळी फोडणारे डायनासोर पाहताच धाकटी नात आजीच्या पदरात शिरली. चौथीतला नातू मात्र पुढे सरकून फलक वाचू लागला.

"आजोबा, हे आदामाच्या आधीचे का नंतरचे?"

मी बरीच वर्षे धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. उत्तर तोंडावर तयार होते. "नोहाच्या तारवात मावले नाहीत, म्हणून बुडाले!" हेच उत्तर मी वर्गातही दिले आहे. मुले हसतात आणि आपला पाठ पुढे सरकतो. इथेही शेजारच्या एक बाई हसल्या. नातू हसला नाही. फलकावर बोट ठेवून तो म्हणाला, "इथे लिहिलंय, तेव्हा माणूसच नव्हता. मग तारू बांधलं कुणी?"

"देवाच्या गोष्टींना असे फाटे फोडू नयेत," मी म्हणालो. तो गप्प झाला. परतीच्या गाडीतही त्याने खिडकीबाहेरची नजर हलवली नाही.

रात्री रोझरी झाल्यावर तो हळूच जवळ आला. "ते सगळे मेले, तेव्हा देवाला वाईट वाटलं का?"

त्याला जे विचारायचे होते ते हेच होते, आणि दुपारी मी ते थट्टेवारी नेले होते. त्या रात्रीही मला उत्तर देता आले नाही.

तारवाचा विनोद निरुपद्रवी होता, असे कोणी म्हणेल. मीही स्वतःला तेच सांगून पाहिले. माझा हेतू चांगला होता, पोराच्या श्रद्धेला धक्का लागू नये एवढाच. पण ईयोबच्या मित्रांचा हेतू तरी कुठे वाईट होता? ईयोब त्यांना विचारतो, देवाची बाजू राखण्यासाठी तुम्ही खोटे बोलणार का? आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबवर नव्हे, तर वकिली करणाऱ्या या मित्रांवर. संत ऑगस्टिन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना असाच इशारा दिला होता. आकाश, पृथ्वी, प्राणी यांविषयी ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने भलतेसलते बोलू लागला, तर जाणकार त्याला हसतील. मग पुनरुत्थानाविषयी तो जे सांगेल त्यावर ते विश्वास कसा ठेवतील? ऑगस्टिनच्या डोळ्यांसमोर परके लोक होते. माझ्यापुढे नऊ वर्षांचा नातू होता.

शिवाय ख्रिस्तसभेने हे खोटे आपल्याकडून कधी मागितलेही नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० सालच्या 'हुमानी जेनेरिस' या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास वाव ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ तर्क राहिलेला नाही, असे वैज्ञानिकांच्या परमगुरुपीठीय अकादमीला कळवले. मी ते वर्गापर्यंत आणले नाही, कारण तारवाचे उत्तर सोपे होते.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळतो. डायनासोर सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वी अवतरले आणि सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी संपले. आपली मानवजात जेमतेम तीन लाख वर्षांची. हे काही परमुलखातले प्रकरणही नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात लांब मानेच्या एका डायनासोरची हाडे सापडली आहेत. ते संपले त्या सुमारास मेक्सिकोत अशनी कोसळला आणि आपल्याकडे लाव्हारस वाहत होता. आपला तुंगारेश्वराचा काळा कातळ त्याच लाव्ह्याचा. 'डायनासोर' हा शब्द ज्यांनी १८४२ मध्ये रूढ केला, त्या रिचर्ड ओवेन यांनीच १८४७ मध्ये मुंबईतल्या एका इवल्याशा बेडकाच्या अवशेषांचे वर्णन केले. तो सापडला वरळीच्या टेकडीत, म्हणजे आम्ही बटणे दाबत होतो तिथून हाकेच्या अंतरावर!

पण मला अस्वस्थ केले ते गुजरातमधल्या ढोली डुंगरीच्या एका दगडाने. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना तो १९८० च्या दशकात मिळाला आणि त्यातले दृश्य २०१० मध्ये जगापुढे आले. डायनासोरचे घरटे, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साप, आणि शेजारी नुकतेच बाहेर आलेले पिल्लू. एकाएकी गाळ कोसळला आणि सगळेच गाडले गेले. माणसाचे पाप तेव्हा जगात यायचे होते. मग या पिल्लाच्या मरणाचे खापर आदामावर कसे फोडणार? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे, की आदामाच्या पतनाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. आज मांस खाणारे तेव्हा गवत खात होते असे मानणे बरोबर नाही.

देव ईयोबला वादळातून उत्तर देतो तेव्हा तो त्याच्या दुःखाविषयी एक शब्द बोलत नाही. तो त्याला रानटी प्राणी दाखवतो, आणि जिथे एकही माणूस राहत नाही अशा ओसाड जागी पडणारा पाऊस दाखवतो. म्हणजे पाऊस फक्त आपल्या वाडीसाठी पडत नाही. सर्व जीवांचे अंतिम प्रयोजन आपल्यात नाही, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये स्पष्टच म्हटले आहे. हे पचवणे मला जड गेले. सृष्टीचा सोहळा आपल्यासाठीच मांडला आहे, अशा थाटात मी आजवर शिकवत आलो.

मग प्रभू येशूची चिमणी आठवली. चिमणी खाली पडत नाही, असे प्रभू म्हणत नाही. ती पडते, पण पित्याला वगळून नाही. ढोली डुंगरीच्या पिल्लाविषयी याहून अधिक मला सांगता येत नाही.

दोन दिवसांनी नातवाला एवढेच सांगितले आणि तारवाचे उत्तर चुकीचे होते, हेही सांगितले. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे वाईट वाटलं."

"मला तसं वाटतं," मी म्हणालो. ईश्वरविज्ञानाच्या जाणकारांना हे वाक्य खटकेल. त्यांनी मला जरूर गाठावे.

त्या रविवारी मिस्सानंतर वर्गातही मी माझी चूक कबूल केली. एक-दोन मुले हसली. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, "सर, मग तारवाची गोष्ट खोटी का?" वर्ग संपायला पंधरा मिनिटे होती. ती पुरली नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच सुरुवात केली.