कडू जमा

कडू ते औषध, यावर आमच्या आत्याची जेवढी श्रद्धा आहे तेवढी माझी नोटेवरच्या सहीवरही नाही. आणि मी बँकेत आहे!

सायखेड्याच्या आमच्या अंगणात कडुनिंब आहे, त्यावर गुळवेल. २०१९च्या पुरात गोदावरी गावात शिरली, तरी तिने निंब सोडला नाही. निंबावरची गुळवेल म्हणजे कडूला कडूचं तारण. तिच्या नावात गूळ कोणी घातला, त्या गृहस्थाला एकदा भेटायचं आहे.

२०२० साली सगळं बंद आणि बँक तेवढी चालू, म्हणून आत्याने मला काढा सुरू केला. बोटभर जाड कांडं ठेचायचं, रात्री भिजत घालायचं, सकाळी आटवायचं. ताप, अपचन, कावीळ, सगळ्यांवर एकच. "आधी तू घे, मग मी," हा तिचा नेम. मी पेला घेऊन परसात जाई, मोगऱ्याला पाजी आणि तोंड वाकडं करून परत येई. ते पाहून समाधानाने ती आपला पेला एका दमात संपवी.

आता, कडू ते गुणकारी हे ठरवलं कोणी? मला वाटतं, हा हिशेबाचा घोळ आहे. जे सोसलं ते आपण जमेला धरतो. पाडव्याला कडुनिंबाची चार पानं चावली की वर्षाची बेगमी झाली! गोड औषधाने बरं वाटलं तर फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. कडू बोलणारा साहेबसुद्धा आपण खरं बोलणारा समजतो.

मग २०२१ साली बातमी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकिकत छापली : गुळवेल घेतली आणि यकृतालाच इजा. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, म्हणे वनस्पती नीट ओळखलेलीच नाही. मी वाणिज्य शाखेचा. माझा ताळेबंद जुळेना. एवढं मात्र कळलं, की खोटं बोलणारा सुरक्षित होता आणि विश्वास ठेवणारी रोज पीत होती. तीही माझ्या तोंडाकडे बघून. कित्येक महिने मी तिला खोट्या सहीने जामीन राहिलो होतो.

वयाचं निमित्त सांगून तिला नाशिकला नेलं, रक्त तपासलं. स्वच्छ! तिच्या आग्रहाने माझंही तपासलं, तर यकृताचे आकडे चढलेले.

"एवढा काढा पिऊन?" आत्या म्हणाली.

मग सांगितलं. सगळं, मोगऱ्यासकट.

ती बराच वेळ गप्प बसली. एस. टी. चांदोरीला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मग तोंड एवढं कडू कसं करायचास रे?"

"वासानेच," मी म्हणालो.