पान्हा चोरला म्हणजे?

ग्रेटर नोएडाच्या टॉवरांना खेटून असलेल्या गावांत अजून घरापुरती गाय दिसते. आधी वासरू सोडतात. त्याच्या ढुशांनी ती पान्हावते, मग त्याला ओढून बांधतात. तिनं दूध अडवलं तर इथली हिंदी म्हणते, ‘दूध चढ़ा लिया’. आपण म्हणतो, पान्हा चोरला. अनुवाद करताना मी या क्रियापदापाशी अडते. ज्याच्यासाठी आलं त्याच्यासाठीच राखलं, ती चोरी? ‘वात्सल्या’तला वत्स वासरूच ना! वसुबारसेला अनेक घरांत दूध वर्ज्य असतं, तो एक दिवस. एरवी एखादा सड वासराला राखणारी माणसंही आहेत, कालवड असेल तर जास्तच. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याच्या बाबतीत हात आखडतो. आणि गोऱ्हा मेला, की देशी गाय बहुधा आटते.